ऑग्डेनचा कारागीर : जॉन ब्राउनिंग

वार्षिकांकासाठी चरित्रपर लेख लिहायचा म्हटला, की आपली लेखणी सहसा संत, कवी, समाजसुधारक नाहीतर देशभक्त यांच्याकडे वळते. ते योग्यच आहे. या लेखात मात्र मी अशा माणसाची ओळख करून देणार आहे, की ज्याने कविता लिहिली नाही, चळवळ उभारली नाही की राज्यही केले नाही. त्याने आयुष्यभर बंदुका बनविल्या. त्याचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. कला शाखेच्या विद्यार्थ्याला या गृहस्थाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु त्याच्या हातून निघालेली वस्तू एकदा नाशिकच्या नाट्यगृहात येऊन गेली आहे, आणि त्याच्या कारखान्यातील परंपरा तर आपल्या सालेकसा-देवरीच्या जंगलापर्यंत येऊन पोचली आहे. तेव्हा हा माणूस आपल्याला अगदीच परका नव्हे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एन.सी.सी.मुळे. शिबिरात आम्हाला पॉइंट टू-टूची रायफल चालवायला मिळे. एक गोळी झाडली की बोल्टची मूठ वर उचलायची, बोल्ट मागे ओढायचा, रिकामे काडतूस बाहेर पडले की नवे हाताने ठेवायचे आणि बोल्ट पुन्हा बंद करायचा. दर गोळीमागे ही सगळी कवायत. उस्ताद सांगत, की एस.एल.आर.ला यातले काही करावे लागत नाही. घोडा दाबला की गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसते. सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे स्वतःच स्वतःला भरणारी रायफल. घोडा मात्र दर गोळीला नव्याने दाबावा लागतो, म्हणून तिला अर्धस्वयंचलित म्हणायचे. मग बोल्ट मागे ओढणारा तो न दिसणारा हात कोणाचा? या प्रश्नाचा माग काढत मी अमेरिकेतल्या युटा प्रांतातील ऑग्डेन या गावी पोचलो, अर्थात ग्रंथालयातील पुस्तकांच्या वाटेने.

जॉनचा जन्म ऑग्डेनला २३ जानेवारी १८५५ रोजी झाला. वडील जोनाथन ब्राउनिंग हे मूळचे टेनेसी प्रांतातले, धंद्याने बंदुका घडविणारे आणि दुरुस्त करणारे. मॉर्मन पंथ स्वीकारल्यावर ते आपल्या पंथीयांबरोबर पश्चिमेकडे निघाले आणि १८५२ साली ऑग्डेनला स्थायिक झाले. रेल्वे तिकडे पोचायला अजून बरीच वर्षे होती. शेकडो मैलांचा तो माळ बैलगाड्यांच्या तांड्यांनी तुडवावा लागे. जोनाथनना तीन बायका आणि बावीस मुले. एवढ्या मोठ्या खटल्याच्या घरात पैसा जेमतेम, पण दुकान मात्र अवजारांनी भरलेले. गावात जे जे मोडेल ते ते या दुकानात येई. आपल्याकडे रोवणीच्या आधी नांगराचे फाळ आणि कापणीच्या आधी विळे घेऊन लोहाराच्या दुकानाशी गर्दी होते, भाता धपापत असतो, कोपऱ्यात गंजलेल्या लोखंडाचा ढीग असतो आणि त्या ढिगातून नेमका हवा तो तुकडा लोहार बरोबर शोधून काढतो. ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांना ऑग्डेनचे ते दुकान डोळ्यांसमोर आणणे अवघड जाऊ नये. असा एक ढीग हेच जॉनचे पहिले विद्यालय होते.

दहा वर्षांचा असताना त्याने या भंगारातून पहिली बंदूक बनविली. जुन्या बंदुकीची टाकून दिलेली नळी, दस्त्यासाठी कुऱ्हाडीने तासलेली फळी आणि दोन्ही एकत्र बांधायला तार. बार उडवायला घोडा नव्हताच. धाकटा भाऊ मॅट पेटता निखारा सांभाळत बरोबर चालायचा आणि दादाने नेम धरला की बत्ती द्यायचा. या बंदुकीने दोघांनी माळावरची पाखरे मारून आणली. वडिलांनी पाखरांची न्याहारी केली, बंदूक पाहिली, आणि शाबासकी देण्याऐवजी दहा वर्षांच्या मुलाला याहून चांगले काम जमायला हवे होते असे सुनावले. मुलाने ते मनावर घेतले. मला वाटते, की पुढच्या साठ वर्षांतल्या त्याच्या कामाचे मूळ या एका टोल्यात आहे. वस्तू चालते एवढ्याने भागत नाही, ती नीट झाली पाहिजे, हा धडा त्याला अशा रीतीने मिळाला.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. जॉन दुकानात पूर्ण वेळ काम करू लागला. दुरुस्तीला येणाऱ्या बंदुका उघडताना तिच्यात काय अडते, काय झिजते, कोणता भाग उगीच घातला आहे, हे त्याला दिसत गेले. १८७८ साली त्याने स्वतःची एकबारी रायफल रचली. १८७९ हे वर्ष त्याच्या आयुष्यात फार घाईचे गेले. एप्रिलमध्ये रेचल टेरेसा चाइल्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला, जूनमध्ये वडील वारले आणि ऑक्टोबरमध्ये पहिले पेटंट हाती आले. पेटंटचा कागद पाहायला वडील राहिले नाहीत. मग भावाभावांनी मिळून छोटा कारखाना काढला आणि त्या रायफली तयार करून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक तुटून पडले असे नव्हे. पण रायफल इतकी साधी आणि मजबूत होती, की १८८३ साली तिचा एक नमुना फिरत्या विक्रेत्यामार्फत विंचेस्टर या बड्या कंपनीच्या हाती लागला. कंपनीचे टी. जी. बेनेट हे आगगाडीने थेट ऑग्डेनला आले आणि आठ हजार डॉलर देऊन त्या रायफलीचे हक्क घेऊन गेले. पुढे जवळजवळ एकोणीस वर्षे जॉन आराखडे करी आणि विंचेस्टर ते विकत घेई. ‘१८८६’, ‘१८९२’, ‘१८९४’ या वर्षांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या विंचेस्टर रायफली मुळात या ऑग्डेनच्या माणसाच्या आहेत. विशेष म्हणजे त्याने विकलेल्या पुष्कळशा आराखड्यांच्या बंदुका कंपनीने कधी बनविल्याच नाहीत. दुसऱ्या कोणाच्या हाती ते पडू नयेत म्हणून नुसते विकत घेऊन ठेवले.

१८८७ ते १८८९ ही दोन वर्षे पंथाच्या आज्ञेने जॉन जॉर्जिया प्रांतात धर्मप्रचारासाठी फिरला. या काळात त्याने हत्यार हाती धरले नाही. परत आला तो जणू भुकेला होऊनच. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ती घटना घडली, की जिच्यामुळे मी हा लेख लिहीत आहे.

ऑग्डेनजवळ नेमबाजीचा खेळ चालला होता. जॉन आपला क्रम झाल्यावर बाजूला उभा राहून पाहत होता. एक मित्र नेम धरून होता. त्याच्या आणि निशाणाच्या मध्ये वेताळ गवत उंच वाढलेले. गोळी सुटली आणि नळीच्या तोंडापुढचे ते गवत दोन्ही बाजूंना झपकन वाकले. आपल्याकडे आश्विनात वाऱ्याची झुळूक आली की बांधीतला धान जसा लवतो, तसेच काहीसे. ते तिथल्या सर्वांनी पाहिले होते, आणि शेकडो वर्षे बंदूक चालविणाऱ्या सगळ्या जगाने पाहिले होते. जॉनला मात्र त्यात वाया जाणारी शक्ती दिसली. दारू पेटल्यावर जो वायू निर्माण होतो तो गोळीला पुढे ढकलतो. पण गोळी बाहेर पडल्यावरही त्याच्यात जोर उरतो, आणि तो जोर नुसते गवत हलवून संपतो. हा जोर कामाला का जुंपू नये?

तो भावांना घेऊन तडक दुकानात परतला. त्याने पहिली खात्री करून घेतली ती अगदी गावठी पद्धतीने. एक जुनी रायफल फळीला जखडली, तिच्या तोंडापुढे मधोमध भोक असलेला काही शेरांचा लोखंडी ठोकळा ठेवला आणि दुरून बार काढला. गोळी भोकातून सरळ गेली आणि ठोकळा दुकानात दूर भिरकावला गेला. तर्क खरा ठरला. दुसऱ्याच दिवशी त्याने विंचेस्टरची एक नेहमीची रायफल घेतली. या रायफलीत हाताने खालचा दांडा पुढे-मागे ओढून नवे काडतूस चढवावे लागे. त्याने नळीच्या तोंडाशी एक लोखंडी झडप बसविली आणि एका सळईने ती त्या दांड्याला जोडली. वायू झडपेला ढकले, झडप सळईला ओढे आणि सळई दांड्याला हलवी. आतापर्यंत नेमबाजाचा हात जे काम करीत होता, ते आता गवत वाकविणारा तो वारा करू लागला. माझ्या प्रश्नातला न दिसणारा हात तो हाच. सर हायरम मॅक्झिम यांनी याआधीच, १८८४ च्या सुमारास, लंडनमध्ये बंदुकीच्या मागे बसणाऱ्या धक्क्यातून हेच काम करून घेतले होते. पण वायूचा हा मार्ग ऑग्डेनच्या दुकानात सापडला, आणि तोही भंगारातल्या झडपेने.

कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून इथे एक सांगितले पाहिजे. ब्राउनिंगच्या काळी आणि त्याच्या देशी हा गावातल्या कारागिराचा उघड धंदा होता. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बनविणे तर सोडाच, तिच्यात बदल करणे किंवा तिची दुरुस्ती करणे हाही गुन्हा आहे. तो तसाच असावा, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

१८९० च्या जानेवारीत जॉनने पेटंटसाठी अर्ज केला. साध्या झडपेपासून सुरू झालेली कल्पना आता पूर्ण यंत्र बनली होती. १८९१ साली दोघे भाऊ मशीनगन घेऊन हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यात गेले. तीन मिनिटांत अठराशे गोळ्या सुटल्या आणि एकही अडकली नाही. हीच पुढे १८९५ ची कोल्ट मशीनगन झाली. एक दुपार, थोडे गवत आणि एक झडप, येथून जो प्रवास सुरू झाला तो पुढे रणभूमीवर पोचला.

यानंतर त्याने स्वयंभरण छऱ्याची बंदूक रचली. ती त्याला सर्वांत जड गेली. काडतुसे हलकी-भारी असली तरी यंत्र सारखेच चालले पाहिजे, हा त्यातला पेच होता. तो सुटल्यावर मात्र त्याने विंचेस्टरकडे रोख रकमेऐवजी दर बंदुकीमागे हिस्सा मागितला. बेनेट कबूल झाले नाहीत. एकोणीस वर्षांचे नाते १९०२ साली तुटले. जॉन रेमिंग्टन कंपनीच्या प्रमुखांना, मार्सेलस हार्टली यांना, भेटायला गेला आणि बाहेरच्या खोलीत वाट पाहत बसला असतानाच त्यांना हृदयविकाराने मृत्यू आल्याचे कळले. दुसरा कोणी असता तर हा अपशकुन मानून घरी परतला असता. जॉनने नमुना उचलला आणि आगबोटीने बेल्जियम गाठले. लीएजजवळच्या एर्स्ताल येथील एफ.एन. या शस्त्र कारखान्याशी त्याचा आधीच संबंध होता, त्याचे पिस्तूल तेथे तयार होत होते. १९०३ पासून ही बंदूकही तेथे निघू लागली. नंतर रेमिंग्टननेही त्याच्याशी करार केला आणि १९०६ साली त्याची स्वयंभरण रायफल अमेरिकेच्या बाजारात आणली. शिकाऱ्यांना परवडेल आणि विश्वासाने वापरता येईल अशी अर्धस्वयंचलित रायफल त्या देशात रुजली ती तिच्यापासून.

आता एर्स्तालच्या पिस्तुलाची गोष्ट. ही गोष्ट सांगायची म्हणजे बेल्जियमहून एकदम नाशिकला यावे लागते. १९०९ साली लंडनच्या ‘इंडिया हाउस’मधून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून हिंदुस्थानात धाडली. त्यातले एक नाशिकच्या क्रांतिकारकांपर्यंत पोचले. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा खेळ होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन प्रेक्षागृहात येत असता अनंत लक्ष्मण कान्हेरे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचा, म्हणजे आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात बसणाऱ्या मुलाच्या वयाचा होता. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांच्यासह त्याला फाशी देण्यात आले. आपण त्याला हुतात्मा म्हणून वंदन करतो. जॅक्सन हेही संस्कृत आणि भारतीय विद्येचे जाणकार म्हणून ओळखले जात, हेही इतिहासात नोंदलेले आहे.

चार वर्षांनी, २८ जून १९१४ रोजी, सारायेव्हो शहरात गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या तरुणाने ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्याच्या पत्नीला ठार केले, आणि त्या ठिणगीतून पहिले महायुद्ध पेटले. त्याच्या हातचे पिस्तूलही ब्राउनिंगच्या आराखड्याचे आणि एर्स्तालच्याच कारखान्याचे होते. नाशिकचे आणि सारायेव्होचे पोलाद एका भट्टीतले. त्या दोन घटनांना इतिहासाने निरनिराळी नावे दिली. यंत्र मात्र दोन्हीकडे सारख्याच निर्विकारपणे चालले.

महायुद्धात अमेरिका १९१७ साली उतरली तेव्हा तिच्यापाशी पुरेशी शस्त्रे नव्हती. ब्राउनिंगने नवी मशीनगन आणि खांद्यावरून चालविता येणारी स्वयंचलित रायफल ही दोन्ही तयार ठेवली होती. मे महिन्यातल्या सरकारी चाचणीत मशीनगनने वीस हजार गोळ्या झाडल्या, मग आणखी वीस हजार झाडल्या. काही अधिकाऱ्यांना वाटले, हा नमुना मुद्दाम निवडून आणलेला असावा. तेव्हा दुसरी मशीनगन मांडण्यात आली आणि ती ४८ मिनिटांहून अधिक वेळ अखंड चालली. १९११ साली त्याच्या पिस्तुलाने अशाच चाचणीत सहा हजार गोळ्या न अडखळता झाडल्या होत्या, आणि अमेरिकन सैन्याने ते स्वीकारले होते. या सर्व शस्त्रांच्या हक्कांबद्दल सरकारने त्याला साडेसात लाख डॉलर देऊ केले. दर नगामागे हिस्सा घेतला असता तर याच्या कितीतरी पट रक्कम मिळाली असती. ज्याने हिश्श्यासाठी विंचेस्टरशी नाते तोडले होते, त्याने आपल्या देशाशी मात्र घासाघीस केली नाही. त्याचा मुलगा व्हॅल स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन ही शस्त्रे वापरण्यास सैनिकांना शिकवीत होता.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी एर्स्तालच्या कारखान्यात, मुलाच्या कचेरीत, जॉनला हृदयविकाराचा झटका आला आणि तेथेच त्याचा अंत झाला. वय ७१ वर्षांचे, नावावर १२८ पेटंटे. शेवटच्या दिवशीही तो कामावरच होता. देह ऑग्डेनला नेऊन तेथील मातीत ठेवण्यात आला. हाती असलेले पिस्तूल अपुरे राहिले. ते द्यूदोने सेव्ह या एर्स्तालच्या तंत्रज्ञाने पुढे १९३५ साली पूर्ण केले. आपल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल त्याच जातीचे आहे. याच सेव्हने दुसऱ्या महायुद्धानंतर वायूवर चालणारी एक अर्धस्वयंचलित रायफल रचली. तिचेच भारतीय रूप म्हणजे ईशापूरची ७.६२ मिलिमीटरची एस.एल.आर. इन्सास आल्यावर ती सैन्यातून हळूहळू मागे गेली, तरी पोलिसांच्या खांद्यावर पुढेही बरीच वर्षे राहिली.

आणि इथे ही कथा आपल्या दारात येते. आमगावहून सालेकसा काही फार दूर नाही. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व-दक्षिणेकडील जंगलपट्ट्याने अनेक वर्षे नक्षलवादी आणि पोलीस अशा दोन्हींच्या बंदुका पाहिल्या. शासनाची रायफल लुटली गेली की ती दुसऱ्या बाजूने तितक्याच इमानाने चालते. तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या माणसाला मात्र दोन्हीची भीती सारखीच. शस्त्र कायदा कडक असावा असे मी वर म्हटले ते यासाठी. झडप बसविणे एका दिवसाचे काम असते. ती कोणाच्या हाती पडेल याचा हिशेब करायला एक आयुष्य पुरत नाही.

आमगावजवळचे पद्मपूर हे महाकवी भवभूतीचे जन्मस्थान असल्याचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त जृंभकास्त्रे आहेत. ती शत्रूला मारीत नाहीत, स्तब्ध करतात. रामाची ती अस्त्रे कोणी न शिकविताच लव-कुशांना प्राप्त होतात, कारण अस्त्र आपला खरा वारस ओळखते. कवीने अस्त्राला ही जाण दिली. ब्राउनिंगने आपल्या यंत्राला नेम दिला, वेग दिला, सहा हजार गोळ्यांत एकदाही न अडण्याचा विश्वास दिला. परंतु हात ओळखण्याची जाण ते यंत्र कोठून आणणार? ती कोणत्याही कारागिराला देता येत नाही. ती माणसांत असावी लागते, कायद्यात असावी लागते, आणि आपण ज्या कला शाखेत शिकतो तिथे ती शिकविली जावी अशी अपेक्षा असते.

जॉन ब्राउनिंगकडून घ्यायचे ते पुष्कळ आहे. पंधराव्या वर्षी शाळा सुटली तरी शिकणे सोडले नाही. वडिलांचा टोला त्याने राग न धरता पचविला. सर्वांनी पाहिलेल्या गवतात त्याने कोणी न पाहिलेले पाहिले. मित्रहो, आपल्या भोवतीही अशी कितीतरी शक्ती वाया जात आहे, धानाच्या भुशात, पावसाळ्यात वाघ नदीतून वाहून जाणाऱ्या पाण्यात, आणि पदवी घेऊन घरी बसलेल्या तरुणांतही. ती पाहणारा डोळा या माणसापासून घ्यावा. ती कोणत्या कामाला जुंपायची, हे मात्र आपले आपणच ठरवायचे आहे.